गोष्ट संपली की गप्प बसा: चित्रपुस्तकं, रुसवे आणि दोस्ती

"मग बाळांनो, या गोष्टीतून आपण काय शिकलो?" हा प्रश्न आधी टाकून द्या, बाकीचं नंतर बोलू. चार वर्षांच्या मुलांना याचं उत्तर पाठ असतं. "भांडायचं नाऽऽही" असा एकसुरात गजर होतो आणि तो संपायच्या आत मागे कुणीतरी कुणाच्या वेणीला हिसडा दिलेला असतो. मुलं खोटं बोलत नाहीत. ताईला काय ऐकायचंय ते त्यांनी ओळखलेलं असतं, एवढंच.

मी साताऱ्यात घरातल्याच दोन खोल्यांत बालवाडी चालवते. तीन ते पाच वर्षांची मुलं. बँकेत नोकरी करणाऱ्यांची, भाजीवाल्या मावशींचा नातू, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची दोन. वस्तू कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे रोज काही ना काही ओढाताण असतेच. खऱ्या भांडणात समोरच्याच्या तोंडाकडे बघायला मुलाला फुरसत नसते, त्याच्या अंगात त्याचाच राग मावत नाही. पुस्तकातला रडणारा मुलगा मात्र पान उलटेपर्यंत रडत थांबतो. पळून जात नाही, उलटून मारत नाही, आणि त्याला रडवल्याबद्दल कुणी आपल्याला जाब विचारत नाही. दुसऱ्याचं तोंड इतकं निवांत बघायला मुलाला दुसरीकडे कुठे मिळणार? चित्रपुस्तकाचं मोठं काम ते हेच. म्हणून भांडण झाल्या झाल्या "थांबा, आपल्याकडे याच्यावर पुस्तक आहे" असं कधीच करायचं नाही. तेव्हा दोघांना वेगळं करा, पाणी द्या. पुस्तक दुसऱ्या दिवशी, सगळं थंड असताना, आणि त्या भांडणाचा उल्लेखही न करता.

निवडताना मजकूर हाताने झाका

दुकानात पुस्तक हातात आलं की मी आधी वाचत नाही. तळहाताने ओळी झाकते आणि नुसती चित्रं बघत जाते. कोण चिडलंय, कोण घाबरलंय, कोण नुसतंच बाजूला उभं आहे, हे न वाचता कळलं पाहिजे. नाही कळलं तर पुस्तक परत रॅकवर. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त, चकचकीत पुस्तकांत ससा पळतानाही हसतो, हरल्यावरही हसतो आणि सिंहाच्या गुहेत शिरतानाही हसतो. त्या हसण्यावरून मुलाने काय ओळखायचं?

चेहऱ्याइतकंच अंगाकडे बघा. खांदे पडलेत का, मुठी वळल्यात का, पावलं कुणाच्या दिशेला आहेत. रुसलेलं मूल पाठमोरं काढलेलं असेल तर ते पुस्तक मी बहुतेक घेतेच, कारण नुसती पाठ बघून मुलं बरोबर सांगतात, "फुगलाय तो."

आणखी एक कसोटी लावते: वाईट वाटणं किती पानं टिकतं? एका पानावर रडू आणि पुढच्याच पानावर फुगे, केक आणि सगळे मित्र, असं असेल तर मुलाला एवढंच कळतं की रडणं चटकन आवरायचं असतं. दोन-तीन पानं तरी ते दुःख तिथे राहायला हवं. शेवटी तात्पर्य छापलेलं असेल आणि बाकी पुस्तक चांगलं असेल, तर मी त्यावर कागदाची पट्टी चिकटवते. तीन वर्षांच्या मुलांसाठी पानाला एक-दोन वाक्यं पुरेत. मोठा परिच्छेद असला की आपण ओळी वाचत बसतो आणि मुलं चित्र सोडून पंख्याकडे बघतात.

प्राणी असलेली पुस्तकं घ्यावीत की माणसांची? टोरोंटो विद्यापीठातला २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात माणसं होती, काहींच्या पुस्तकात माणसांसारखे कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांचं पुस्तक ऐकलेल्यांनी नाही. वाटून घेणं, पाळी थांबणं यांसाठी मी म्हणूनच खऱ्या मुलांची पुस्तकं काढते. पण भीतीच्या गोष्टींत हत्ती आणि कासव मी सोडलेले नाहीत. अंधाराला घाबरणारं मूल स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही, हत्तीबद्दल मात्र खूप बोलतं.

मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं बघा. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, आणि त्यांच्या चित्रांतली घरं, आज्या, पसारा हे सगळं आपल्याकडचं असतं. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त असते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून गोष्टी फुकट मिळतात, मराठीतही भरपूर. तिथे पातळ्या केलेल्या आहेत, या वयाला पहिली पातळी घ्या. छापून घ्यायला आणि वाटायला परवानगी आहे, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रती काढून आणता येतात. मोबाइलवर मात्र दाखवू नका. चित्रातला चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो, आणि मुलांचं लक्ष पुढे काय सरकवता येईल याच्यावर.

बसायचं कसं

सहा-आठ मुलं, अर्धगोलात. वीस असतील तर दोन गट करा, एक गट मदतनीस ताईंकडे मातीकाम करेल. आपण पाटावर बसायचं, खुर्चीवर नाही. पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत, खालून मधोमध धरलेलं. खिडकी आपल्या पाठीशी नको, नाहीतर मुलांना चित्राऐवजी उजेड दिसतो. गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट चमकते, तेव्हा पुस्तक किंचित पुढे झुकवा. दहा-बारा मिनिटं पुरतात. डबा खाण्याआधी नको. भुकेल्या मुलांना गोष्टीतल्या कुणाचीही दया येत नाही.

आठवडाभर एकच पुस्तक

रोज नवं पुस्तक काढण्याची हौस मोठ्यांची. मुलांना तेच ते हवं असतं, आणि भावना कळायला तर तेच पान पुन्हा पुन्हा लागतं.

उदाहरणाला मी हाताने केलेलं एक पुस्तक घेते. नाव "लाल बादली". आठ पानं. गौरी आणि चिनू दिवाळीचा किल्ला करतायत, माती कालवायला बादली एकच. तिसऱ्या पानावर दोघांनाही ती हवी. चौथ्यावर ओढाताण, त्यात बुरूज पडतो. पाचव्यावर गौरी पाठ करून बसलीये आणि बादली चिनूच्या हातात आहे, पण तो बादलीकडे बघत नाहीये. सहाव्यावर एकही शब्द नाही: दोन टोकांना दोघं, मध्ये पडका बुरूज. सातव्यावर चिनू बादलीत पाणी आणतो आणि गौरीपासून जरा लांबच ठेवतो. आठव्यावर दोघांचे हात मातीत. मिठी नाही, सॉरी नाही.

सोमवारी वाचायचंच नाही, फक्त बघायचं. "इथे काय चाललंय?" एवढा एकच प्रश्न. मंगळवारी सरळ वाचून टाकायचं, मध्ये न थांबता. गोष्टीचा ओघ मुलांना एकदा तरी अखंड मिळू द्या, प्रत्येक ओळीला प्रश्न विचारणारी ताई कंटाळवाणी असते.

बुधवार महत्त्वाचा. त्या दिवशी एकच पान उघडायचं, आपल्या पुस्तकातलं पाचवं. "चिनूकडे बघा," म्हणायचं आणि गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजा. हे फार अवघड जातं, शिक्षकांना तर खासच. पण पहिलं उत्तर नेहमी चुणचुणीत मुलाचं येतं आणि बाकीची त्याच्यामागे लपतात. थांबलात तर सातव्या-आठव्या आकड्याला कोपऱ्यातलं मूल बोलतं.

"बादली मिळाली त्याला."

"हं. मिळाली."

"मग हसत का नाय?"

आता उत्तर द्यायचा मोह होईल. देऊ नका. "खरंच की, का बरं हसत नसेल?" म्हणून प्रश्न परत मुलांच्यात सोडा. एक म्हणेल बादली फुटकी आहे. दुसरा म्हणेल त्याला आई ओरडणार. कुणीतरी म्हणेल, "ती बोलत नाय म्हणून." तिन्ही उत्तरांना सारखीच मान डोलवा. तिसऱ्यालाच "शाब्बास" म्हणालात, तर उद्यापासून सगळे तेच म्हणतील.

मूल एक शब्द बोललं की त्यात थोडी भर घालून तो त्यालाच परत द्यायचा. "रडतेय." "हो, रडतेय. बुरूज पडला ना तिचा, हिरमुसलीये ती." ही जुनी आजीची पद्धत, पण तिची रीतसर परीक्षाही झाली आहे. न्यूयॉर्क राज्यात ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना अशा वाचनाचं थोडं प्रशिक्षण दिलं: नुसतं वाचू नका, विचारा, मुलाचं बोलणं वाढवून त्याला परत द्या. १९८८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या मुलांचं बोलणं, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेलं होतं.

एका पुस्तकाला शब्द दोनच घ्या. लाल बादलीला मी "हिरमुसणं" आणि "चिडणं" घेते. दुसऱ्या पुस्तकाला "लाजणं" आणि "घाबरणं", कारण पाहुण्यांसमोर आईच्या पदरामागे जाणाऱ्या मुलाचं नक्की काय चाललंय हे मोठ्यांनाही धड कळत नाही. मुलांकडे सुरुवातीला "वाईट" आणि "राग" हे दोनच शब्द असतात. कंटाळा आला तरी राग, झोप आली तरी राग. घरी हिंदी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाच्या आईला विचारून ठेवा, तुमच्यात याला काय म्हणतात? तो शब्द वर्गात एकदा जरी उच्चारला तरी ते मूल सरकून पुढे येऊन बसतं.

भिंतीवर लावायचे ते गोल पिवळ्या चेहऱ्यांचे तक्ते मला आवडत नाहीत. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख. चिनूचं तोंड कुठल्या रंगात घालणार? त्यापेक्षा एक हातआरसा ठेवा. "चिनूसारखं तोंड करून बघ" म्हटलं की मुलं भुवया, ओठ, गाल स्वतःच शोधतात, आणि हसून हसून लोळतात ते वेगळंच.

गुरुवारी खरी बादली आणून गोष्ट करून बघायची. जे मूल वर्गात नेहमी हिसकावून घेतं त्याला गौरी करा, पण का केलं ते कुणालाही सांगू नका. शुक्रवारी पुस्तक मुलांच्या हातात. एखादं मूल उलटं धरून "वाचेल", गोष्टीत वाघ आणेल. आणू दे.

तीनचं आणि पाचचं एक नव्हे

एक गोष्ट माहीत असली की खूप चिडचिड वाचते. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना माक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. माक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं चॉकलेट आता जिथे आहे तेच कपाट दाखवतात. आपल्याला माहीत आहे म्हणजे माक्सीलाही माहीत आहे, असा त्यांचा हिशोब. चारच्या पुढे हे हळूहळू सुटत जातं.

म्हणून तीन वर्षांच्या मुलीला "गौरीला काय वाटलं असेल, तिच्या जागी तू असतीस तर?" असं विचारून उपयोग नाही. तिला विचारा, "गौरी कशी बसलीये? बसून दाखव." पाच वर्षांच्या मुलाला मात्र सातव्या पानावर विचारा, "चिनू पाणी आणतोय हे गौरीला कळलंय का?" तिची पाठ आहे, तिने पाहिलेलं नाही. यावर मोठी मुलं दहा मिनिटं वाद घालतात आणि धाकटी तेवढ्यात उठून जातात. म्हणून हे पान मी मोठ्यांबरोबर वेगळं घेते.

दोस्तीची पुस्तकं

मोठ्यांच्या मनातली मैत्री आणि बालवाडीतली मैत्री यात फरक आहे. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन यांनी मुलांच्या खेळाची निरीक्षणं १९३२ साली मांडली, त्यात लहान मुलं शेजारी शेजारी बसून आपापला खेळ खेळतात हे नोंदवलेलं आहे. एकमेकांत मिसळून, कामं वाटून घेऊन खेळणं वयाबरोबर वाढत जातं. म्हणजे साडेतीन वर्षांची दोन मुलं एकाच मातीत, एकमेकांकडे न बघता खड्डे करत असतील तर ती दोस्तीच आहे. त्यांना "चला, मिळून खेळा" म्हणून उठवू नका. पुस्तकही असंच घ्या: शेजारी असणं, जागा करून देणं, आपला घास थोडा सरकवणं. "जिवाला जीव देणारे मित्र" अजून दहा वर्षांनी.

"दे त्याला, तू मोठी आहेस ना" हे वाक्य ज्या पुस्तकात गोड मानलंय ते मी घेत नाही. देणाऱ्या मुलीलाही काही वाटतं की नाही? दिल्यावर तिचं तोंड उतरलेलं दाखवणारं पान असेल तर त्या पानावर थांबा, मोठ्या बहिणी असलेल्या मुली तिथे हमखास बोलतात. जबरदस्तीच्या सॉरीचंही तसंच. मुलं ते लवकर शिकतात आणि ढकलायच्या आधीच म्हणून टाकतात.

कट्टीला घाबरू नका. मोठ्यांनी शिकवलेली नसताना मुलांमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, करंगळीसकट. कट्टीत एक फार चांगली सोय आहे: राग दाखवताही येतो आणि तो संपणार हेही दोघांना ठाऊक असतं. सहाव्या पानावर, जिथे शब्दच नाहीत, मी विचारते, "यांची कट्टी कधी सुटेल?" "पाच मिनिटांनी." "उद्या." "तिची आई हाक मारेल तेव्हा." प्रत्येक मूल आपल्या घरचं वेळापत्रक सांगत असतं.

पुस्तक मिळालं नाही तर करा

चित्रकला येत नाही ही सबब नको. चेहऱ्यात भुवया आणि ओठ एवढंच काम करतं. भुवयांची आतली टोकं खाली वळवली की राग, वर उचलली की दुःख. डोळे दोन ठिपके. ड्रॉइंग पेपरचे चार तुकडे, मधोमध दुमडून सुतळीने शिवले की मुखपृष्ठासकट सोळा बाजू मिळतात. उजव्या बाजूलाच चित्र काढा, डावी कोरी ठेवा. तिथे मुलं नंतर आपलं काहीबाही गिरवतात. विषय वर्गातला घ्या पण नावं वर्गातली नकोत, कपडेही ओळखू येतील असे नकोत. आणि निदान एक पान असं ठेवा जिथे काहीच सुटलेलं नाही आणि काही लिहिलेलंही नाही.

घरी एकच मूल असेल तर त्याचेच फोटो छापून पुस्तक करता येतं, आंघोळीला नाही म्हणताना, गाडीची वाट बघताना. रडतानाचे फोटो मात्र वापरू नका. स्वतःचं रडू छापून समोर आलं की मुलाला ते चिडवल्यासारखं वाटतं.

सांभाळायच्या जागा

"बघ, हा अगदी आपल्या अमुकसारखाच ना?" असं कुठल्याही मुलाकडे बोट करून म्हणू नका. पुस्तकात लपायची सोय असते ती एका वाक्यात जाते.

एखादं पान नको असेल तर नको. आमच्याकडे एका मुलाला पुराचं पान सहन होत नव्हतं, त्या पानांना आम्ही कपड्यांचा चिमटा लावून टाकला. चिमटा काढायचा अधिकार त्याचाच. बऱ्याच दिवसांनी त्याने तो काढला आणि पुस्तक माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

कधी गोष्टीतला राग बघून मूल अचानक घरातलं सांगतं. बाबांनी आईला मारलं, दारू प्यायले. तिथे दचकू नका, खोदूनही विचारू नका, आणि इतर मुलांना "गप्प" करू नका. "हं, सांगितलंस ते बरं केलंस. आपण नंतर दोघं बोलू," एवढं म्हणून गोष्ट पुढे न्या, आणि नंतर खरंच बोला, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा. मुलाला धोका आहे असं वाटलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन देशभर चालते, फोनला पैसे पडत नाहीत.

घरी

शनिवारी पुस्तक घरी जातं, कापडी पिशवीत, वहीवर सही करून. "एबीसीडी कधी घेणार?" असं विचारणाऱ्या पालकांशी मी वाद घालत नाही, पिशवी देते. सोबत चिठ्ठी असते: बोट ठेवून अक्षरं वाचून घेऊ नका, तात्पर्य विचारू नका, मूल जसं सांगेल तसं ऐका. लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्या यात सर्वांत तरबेज. त्यांना ओळी वाचायच्याच नसतात, म्हणून त्या चित्र बघतात आणि नातवाला विचारतात, "हे का रं फुगून बसलंय?" भाजीवाल्या मावशींकडून पुस्तक परत येतं तेव्हा त्याला कोथिंबिरीचा वास असतो आणि नातवाकडे गौरीच्या घरच्यांची सगळी माहिती असते, जी पुस्तकात कुठेच नाही.

फळ लगेच दिसत नाही, शोधतही बसू नका. एखाद्या दिवशी नळावर हात धुताना कुणीतरी म्हणतं, "मला राग नाय आला, मला कंटाळा आलाय." तेव्हा टाळ्या वाजवू नका. त्याला चटई उलगडायला मदत करायला बोलवा, कंटाळा आलाय म्हणतोय ना तो.

मुलं पुढच्या पानाचं वाक्य तुमच्याआधी म्हणायला लागली की पुस्तक आठवड्याच्या कामातून काढा आणि खालच्या फळीवर, मुलांच्या हाताला येईल असं उभं ठेवा, मुखपृष्ठ समोर. फाटलं तर सेलोटेप मुलांसमोरच लावा. लाल बादलीच्या चौथ्या पानाला आता कागदापेक्षा टेपच जास्त आहे, तेव्हा ओढाताणीचं ते पान या दिवाळीत नवं काढायचंय.